माशालाही नाक असतं, बरं का!

‘आई, माशाला नाक असतं का गं?’ पोळ्या लाटताना मुलाने किंवा मुलीने असा प्रश्न टाकला, की आपण काय म्हणतो? ‘जा, बाबांना विचार,’ नाहीतर ‘पुस्तकात बघ.’ बाबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असतात आणि पुस्तकात माशाची आकृती असते, तिला बाण काढून नावं दिलेली असतात. मूल नावं पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि विसरून जातं. प्रश्न मात्र तसाच राहतो.

मैत्रिणींनो, हा प्रश्न साधा नाही. त्याच्या उत्तरात आपल्या नदीघाटावरचा साबण येतो, शेतातलं मोरचूद येतं, न्हाणीतला रिठा येतो आणि दवाखान्यातलं औषधसुद्धा येतं. माझी पदवी कलाशाखेची. शाळेत काही तास घेते, तेवढाच शिकवण्याशी संबंध. पण हा विषय समजून घ्यायला विज्ञानाची पदवी लागत नाही. स्वयंपाकघर सांभाळणारी बाई वास आणि चव यांच्या बाबतीत कोणत्याही प्रयोगशाळेला हार जात नाही, असं माझं मत आहे. चला तर, जरा पाण्यात डोकावून पाहू.

पाण्यात वास कसा येतो?

वास म्हणजे काय, तर पदार्थाचे अगदी बारीक कण आपल्या नाकापर्यंत पोचणे. फोडणीचा वास हवेतून येतो. पाण्यात तसेच कण विरघळून पसरतात. माशाच्या तोंडावर, डोळ्यांच्या पुढे, बारीक भोकं दिसतात ना, तेच त्याचं नाक. पण हे नाक श्वासासाठी नाही. श्वास तो कल्ल्यांनी घेतो. पाणी एका भोकातून आत जातं, आतल्या नाजूक घड्यांवरून फिरतं आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडतं. एवढ्या प्रवासात माशाला कळतं, की खाणं कुठे आहे, शत्रू कुठे आहे आणि आपलं गणगोत कुठे आहे.

आपल्याकडच्या नदी-तलावांचं पाणी पावसाळ्यात किती गढूळ असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर धरण घ्या, की त्याच पूर्णा नदीवरचं वरच्या अंगाचं येलदरी घ्या. श्रावणात पाण्याचा रंग चहासारखा होतो. अशा पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? तिथे नाक आणि जीभ यांच्यावरच संसार चालवावा लागतो.

सामन नावाच्या माशाची गोष्ट तर नवल वाटावी अशी आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीच्या त्याच फाट्यात येतो. शेकडो मैलांवरून! अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलं, की लहानपणी नाकात बसलेला त्या ओढ्याचा वास हा मासा विसरत नाही. घराजवळ आल्यावर वासानेच वाट काढतो. म्हणजे लेकीला माहेरच्या ओसरीचा वास आठवावा, तसंच हे!

अंगभर जिभा

मागूर किंवा शिंगाळा हे मासे तुम्ही आठवडी बाजारात पाहिले असतील. तोंडाला लांब लांब मिशा. मुलांना त्या पाहून हसू येतं. पण त्या शोभेच्या नाहीत. त्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. आपल्या तोंडात अशा कळ्या दोन ते दहा हजारांच्या घरात असतात. मिशाळ माशांच्या एका अमेरिकन जातीत शास्त्रज्ञांनी मोजल्या, तेव्हा त्या एक लाखाहून अधिक निघाल्या. मिशांवर, ओठांवर, पाठीवर, थेट शेपटीपर्यंत! चिखलात मिशी लागली की माशाला चव कळते. आपण आमटीत बोट बुडवून मीठ पाहतो, तसा तो सबंध अंगाने पाण्याची चव पाहत असतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे साबणाचा विषय निघेल, तेव्हा ती उपयोगी पडणार आहे.

धोक्याची घंटा

१९३८ साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणारे तेच हे. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी काही लहान मासे पाळले होते. त्यांतल्या एकाला जखम झाली होती. तो कळपात परत आला आणि बाकीचे सारे मासे एकदम बिचकले, गोळा झाले आणि पळाले. कुणी काही केलं नव्हतं, आवाज झाला नव्हता. मग भीती कशाची?

शोध घेता घेता कळलं, की या माशांच्या कातडीत खास पेशी असतात. कातडी फाटली की त्यांतलं द्रव्य पाण्यात मिसळतं. इतर माशांच्या नाकात ते गेलं, की त्यांना कळतं : इथे आपल्यातल्या कुणाला तरी इजा झाली आहे, पळा! फॉन फ्रिश यांनी त्याला ‘भीतीचं द्रव्य’ अशा अर्थाचं जर्मन नाव दिलं. त्यात नेमकं काय असतं, याचा शोध पुढे कितीतरी वर्षं चालला. २०१२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी झेब्रा माशावर काम करून त्यातल्या एका घटकाचा पत्ता लावला. हा पट्ट्यापट्ट्यांचा इवलासा मासा मूळ आपल्याच उपखंडातला, बरं का!

रोहू, कटला, मृगळ, मागूर ही मंडळी फॉन फ्रिश यांच्या माशांच्याच मोठ्या घराण्यातली. म्हणजे आपल्या धरणातल्या माशांच्या घरातही ही घंटा टांगलेली आहे.

इथे एखादी चलाख मुलगी लगेच विचारील, ‘ज्याला शत्रूने धरलं तो तर मेलाच. मग दुसऱ्यांना सावध करून त्याचा काय फायदा?’ असा प्रश्न आला तर तिला गप्प करू नका, कारण शास्त्रज्ञही याच प्रश्नावर भांडत आले आहेत. त्यांतल्या काहींचं म्हणणं असं, की या पेशी मुळात कातडीचं रोगजंतू आणि परोपजीवी यांपासून रक्षण करायला असाव्यात. त्यांचा वास ओळखायला इतर मासे नंतर शिकले. शेजारच्या घरातून करपल्याचा वास आला, तर तो काही शेजारणीने आपल्याला सावध करण्यासाठी सोडलेला नसतो. पण आपण सावध होतोच ना? तसंच.

पुण्यातल्या भैकेरांचा अभ्यास

हे सारं परदेशातच चालतं असं समजू नका. बेडकाची शेपटीवाली काळी पिल्लं पावसाळ्यात डबक्यात वळवळताना आपण पाहतो. पुस्तकी भाषेत त्यांना भैकेर म्हणतात. पुण्याच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागातले डॉ. नरहरी ग्रामपुरोहित आणि त्यांचे सहकारी यांनी याच पिल्लांवर काम केलं आहे. सह्याद्रीच्या भागात आढळणाऱ्या एका बेडकाच्या पिल्लांवरचे त्यांचे प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले.

त्यांत काय दिसलं पाहा. ज्या पिल्लांनी जन्मात शत्रू पाहिलेला नव्हता, त्यांच्या पाण्यात शत्रूच्या अंगाचा वास मिसळला. पिल्लांनी हालचाल लगेच कमी केली. हलणाऱ्यालाच शत्रू आधी टिपतो. म्हणजे हे ज्ञान त्यांना उपजतच होतं. पण आपल्याच जातीच्या जखमी पिल्लांचा वास दिला, तेव्हा नवखी पिल्लं घाबरली नाहीत. तो वास धोक्याचा आहे, हे ती अनुभवाने शिकली.

किती विचार करण्याजोगी गोष्ट आहे! काही शहाणपण जन्मजात, काही शिकून आलेलं. आपल्या लेकरांचंही तसंच असतं. एवढीशी काळी पिल्लं, पण तीही शिकतात. हे मुलांना सांगितलं, तर डबक्यावर दगड मारणारा हात थोडा थांबेल.

ज्यांना पळता येत नाही त्यांची शस्त्रं

वास घेणं ही झाली संरक्षणाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे स्वतःचं अंग कडू किंवा विषारी करून टाकणं. ज्याला पळता येत नाही, शिंगं नाहीत, कवच नाही, तो काय करणार? तो रसायनाचा आधार घेतो. मिरचीचं झाड तरी दुसरं काय करतं?

पावसाळ्यात अंगणात येणारा खडबडीत अंगाचा भेक पाहा. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. त्यांतून पांढरट विषारी चीक येतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं, तर तोंडाला फेस येऊन ते त्याला टाकून देतं. भेकाला शिवल्याने चामखीळ येते ही मात्र निव्वळ समजूत आहे. तरीही त्याला हात लागला, तर मुलांना साबणाने हात धुवायला सांगा. तसाच हात डोळ्याला लागला तर आग होते.

समुद्रात तर या शस्त्रांचं कोठारच आहे. कोकणातल्या मैत्रिणींना केंड मासा माहीत असेल. डिवचलं की फुग्यासारखा फुगतो. त्याच्या काळजात आणि अंडाशयात जे विष असतं, ते शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. म्हणून कोळीण ‘हा घेऊ नका वहिनी’ म्हणाली, की ऐकावं. माकूळ काळी शाई सोडून पळतं. समुद्रससा नावाची बिनशिंपल्याची गोगलगाय जांभळा रस सोडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की त्या रसात खाद्याची चव असणारी द्रव्यं असतात. शेवंडाने हल्ला केला, की त्याला तो रसच खाऊ वाटू लागतो; तो तिथेच चाचपडत राहतो आणि गोगलगाय सटकते. रडणाऱ्या मुलाच्या हातात गुळाचा खडा देऊन आपण पाण्याला निघून जातो, तशी युक्ती!

या विषांनी माणसाचं भलंही केलं आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास वेगळीच द्रव्यं सापडली. त्यांच्या धर्तीवर तयार केलेलं सायटाराबिन हे औषध १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जातं. शंकूच्या आकाराच्या विषारी समुद्री गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं एक वेदनाशामक औषध अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं. आपल्याकडे गोव्याला १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्री जीवांतली रसायनं हा तिथल्याही अभ्यासाचा विषय आहे. ज्या ओबडधोबड स्पंजाकडे कुणी वळूनही पाहणार नाही, त्याच्या पोटी कुणाच्या तरी लेकराचं औषध असतं!

रिठा, शिकेकाई आणि समुद्रकाकडी

आता आपल्या न्हाणीकडे येऊ. रिठे भिजवून चोळले की फेस होतो. शिकेकाईचंही तेच. हा फेस ज्या द्रव्यांमुळे होतो त्यांना सॅपोनिन म्हणतात. झाडाने ती आपल्या केसांसाठी तयार केलेली नाहीत. कीड आणि बुरशी यांच्यापासून स्वतःला वाचवायला ती आहेत.

समुद्राच्या तळाशी समुद्रकाकडी नावाचा एक मंद, गुळगुळीत प्राणी लोळत असतो. खरोखर काकडीसारखा. त्यालाही पळता येत नाही. त्याच्या कातडीत कोणतं विष असतं, सांगा पाहू? सॅपोनिनच! म्हणजे माळावरचं रिठ्याचं झाड आणि समुद्रातला हा प्राणी, दोघांची गाठ कधी पडली नाही, पण दोघांनी एकाच जातीचं हत्यार घडवलं.

हे हत्यार माशांना फार बाधतं. ते त्यांच्या कल्ल्यांवर घाला घालतं. आपल्या जुन्या माणसांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय माहीत होती. गेळफळ कुटून डोहात टाकायचं आणि गुंगलेले मासे हाताने गोळा करायचे, ही युक्ती आपल्या राज्यात जुनी आहे. गेळफळातही सॅपोनिनच असतात. आजी-पणजींनी केस धुण्यासाठी जे झाड निवडलं आणि डोहात टाकण्यासाठी जे निवडलं, ती दोन्ही एकाच रसायनाच्या नात्यातली. रसायनशास्त्राचा तास शाळेतच भरतो असं कुणी सांगितलं?

आणि यातून एक धडाही घ्यायचा. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ हे खरं नाही. रिठ्याचं पाणीसुद्धा माशांच्या तळ्यात ओतायचं नाही.

आपला साबण आणि त्यांचं नाक

आता मुद्द्यावर येते. मिशाळ माशाच्या अंगभर चवीच्या कळ्या असतात, हे वर पाहिलं. १९६५ साली अमेरिकेत जॉन बार्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माशांना डिटर्जंट मिसळलेल्या पाण्यात ठेवलं. प्रमाण किती? एका लिटरला अर्धा मिलिग्रॅम! एवढ्यानेसुद्धा त्यांच्या चवीच्या कळ्यांना इजा झाली. पुढे सहा आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवूनही ती भरून आली नाही. मासा जिवंत होता, पोहत होता, पण खाणं कुठे आहे ते त्याला नीट कळेना.

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा हिशेब आपल्या भाषेत करू. कपड्यांच्या एका बादलीला वापरलेल्या पावडरीत फेस करणारं द्रव्य समजा फक्त तीन ग्रॅम आहे. तीन ग्रॅम म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. लिटरला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने ते ६,००० लिटर पाण्याला पुरतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सहा टाक्या! ही झाली एक बादली. घाटावर सकाळी किती जणी बसतात, ते तुम्हीच मोजा.

आजच्या पावडरींतली द्रव्यं पूर्वीपेक्षा लवकर कुजून नाहीशी होतात, हे खरं आहे. पण त्यालाही दिवस लागतात आणि घाटावर पावडर तर रोजच पडते. शिवाय आपला मराठवाडा. चैत्र-वैशाखात डोह आटत आटत गुडघाभर पाण्यावर येतो. पाणी कमी झालं, की तेवढ्याच साबणाचं प्रमाण वाढतं. माणसालाच प्यायला पाणी नाही तिथे माशांचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण मासा हा त्या पाण्याचा पहिला पहारेकरी आहे. त्याचं नाक बंद पडलं, तर पाणी बिघडल्याची ती पहिली खूण समजावी. तेच पाणी पुढे कुणाच्या तरी नळाला येणार असतं.

मोरचुदाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. फळबागेत फवारतात, पाण्यातलं शेवाळ मारायलाही काही लोक वापरतात. सामन माशाच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की लिटरला काही मायक्रोग्रॅम तांबं, म्हणजे मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागाच्या मापात, पाण्यात असलं, तरी त्यांचं नाक काही तासांतच मंदावतं. अशी पिल्लं वरची ‘धोक्याची घंटा’ ऐकत नाहीत. कातडीच्या द्रव्याचा वास आला तरी बिनधास्त हिंडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अशी पिल्लं मोठ्या माशांच्या तोंडी सहज सापडली. तांब्याने त्यांना मारलं नाही. नाक बधिर केलं, बाकीचं काम शत्रूने केलं.

घरात गॅस गळतोय आणि आपल्याला सर्दी झाली आहे, अशी कल्पना करा. मग हे पटकन समजेल.

आपल्या हातात काय आहे?

गृहिणीच्या हातात पुष्कळ आहे. सारंच एका दिवसात जमणार नाही, पण एकेक करून पाहा.

• पावडर मापाने घ्या. मुठीने घेऊ नका. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा भ्रम आहे. पुरेशी पावडर घालून कपडे अर्धा तास भिजवले, तर चोळणंही कमी लागतं आणि खळबळायला पाणीही कमी लागतं.

• नदीवर किंवा तलावावर धुणं न्यायची वेळ आलीच, तर पाण्यात उभं राहून साबण लावू नका. बादलीत पाणी घेऊन काठापासून दूर, मातीवर धुवा. साबणाचं पाणी मातीत मुरू द्या. मातीतले जंतू त्याचा बराच निकाल लावतात.

• घरचं सांडपाणी उघड्या गटारातून ओढ्याला जात असेल, तर शोषखड्डा करा. शेजारच्या नांदेड जिल्ह्याने गावोगावी असे खड्डे करून दाखवले आहेत. डासही कमी होतात, हा वरचा फायदा.

• मोरचुदाचं किंवा फवारणीच्या औषधाचं रिकामं भांडं, पंप, नळी ओढ्यात धुवायची नाही, हे घरातल्या पुरुषमंडळींना गोडीने पण ठामपणे सांगा. शेतातच, पाण्यापासून लांब धुवायला लावा.

• निर्माल्य पाण्यात सोडण्याऐवजी खड्ड्यात कुजवा. औंढ्याला श्रावणात आणि महाशिवरात्रीला केवढा बेल, केवढी फुलं येतात! पाण्यात ती कुजली, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जलचर गुदमरतात. तीच फुलं मातीत गेली, तर खत होतं. नागनाथाला वाहिलेल्या फुलाचं पुन्हा फूल झालं, तर देव रागावणार आहे थोडाच?

घरच्या घरी विज्ञान

मुलांना हे सारं वाचून दाखवण्यापेक्षा करून दाखवा. खर्च काहीच नाही.

एका ताटलीत पाणी घ्या. वर मिरपूड भुरभुरा. मुलाला बोटाचं टोक साबणाला लावून पाण्याच्या मधोमध टेकवायला सांगा. मिरपूड एकदम काठाकडे पळेल! पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, तो साबणाने मोडतो. पाण्यावर धावणारे किडे याच ताणाच्या आधाराने धावतात. मुलांना विचारा, घाटावर साबण पडला, की या किड्यांचं काय होत असेल? उत्तर त्यांनाच शोधू द्या.

दुसरा प्रयोग जिभेचा. डोळे बांधून, नाक चिमटीत धरून सफरचंदाची फोड आणि बटाट्याची कच्ची फोड पाळीपाळीने चाखायला द्या. बहुतेकांना ओळखू येत नाही. नाक सोडलं, की लगेच कळतं. चव ही जिभेएवढीच नाकाची असते, हे एका मिनिटात पटतं. सर्दीत जेवण का जात नाही, तेही कळतं.

तिसरा, पावसाळ्यात डबक्याकाठी बसायचं. भैकेर पाहायचे, चतुराच्या अळ्या पाहायच्या. हातातल्या वहीत तारीख घालून लिहायचं : आज शेपटी आहे, आज मागचे पाय आले, आज पुढचे आले. पिल्लं घरी बाटलीत भरून आणायची नाहीत. बाटलीत ती मरतात आणि मुलं फक्त मरणच पाहतात. लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. डबकं उथळ दिसलं तरी भरवसा नाही.

पूर्वी प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक चिरणं, असंच समीकरण होतं. कितीतरी हुशार मुलींनी त्या एका भीतीने हा विषय सोडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांची चिरफाड टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या. आता जिवंत प्राणी कसा वागतो, हे पाहण्यालाही महत्त्व आलं आहे. आणि ‘पाहणं’ हे तर आपल्या मुलींचं घरचंच काम. दूध उतू जाण्याआधी जिला कळतं, तिला निरीक्षण शिकवावं लागत नाही.

मुलीने जीवशास्त्र घेतलं तर?

दहावीनंतर घराघरांत एक बोलणं ऐकू येतं : ‘डॉक्टर व्हायचं असेल तरच जीवशास्त्र घे, नाहीतर काय उपयोग?’ आणि डॉक्टरकीचा खर्च परवडणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. मग विषयच सुटतो.

मैत्रिणींनो, हे बोलण्याआधी थोडं थांबा. जीवशास्त्र म्हणजे फक्त डॉक्टरकी नव्हे. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं आपल्या राज्यात आहेत. रत्नागिरीला शिरगावचं महाविद्यालय १९८१ पासून चालू आहे आणि आपल्या मराठवाड्यातच उदगीरलाही आहे. तलावातलं मत्स्यपालन, पाण्याची तपासणी, औषधनिर्मिती, शिक्षण, संशोधन, किती वाटा! ज्या तालुक्यात धरण आहे, तिथल्या मुलीने पाण्याचा आणि माशांचा अभ्यास करायचा नाही तर कुणी करायचा?

आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो प्रकल्पाची पायाभरणी २०२३ च्या मे महिन्यात झाली. अवकाशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यातून येणारी अतिसूक्ष्म थरथर टिपणारं ते यंत्र असणार आहे. त्याचं कौतुक साऱ्या जगाला आहे, आपल्यालाही आहे. पण तिथून काही मैलांवर, पूर्णेच्या गढूळ पाण्यात, एक मागूर आपल्या मिशांनी पाण्यातली अतिसूक्ष्म चव टिपतोय. त्याला ना वीज लागते, ना इंजिनिअर. लागतं ते फक्त स्वच्छ पाणी.

मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. एकीचं यंत्र बांधायला मोठे शास्त्रज्ञ येतील. दुसरीचं पाणी राखणं मात्र आपल्याच घरापासून, पावडरीच्या मापापासून सुरू होतं.